पांढरं वरण

निघताना सुनंदाने माझी पिशवी तीनदा तपासली. गोळ्या, उकळलेलं पाणी, मास्क. बायकोच्या यकृताचा तुकडा माझ्या पोटात असल्यामुळे तिला तो अधिकारच आहे. पुण्याहून मी चारठाण्याला चाललो होतो, आक्काकडे. तीन वर्षांनी!

कोरोनात मी महिनाभर व्हेंटिलेटरवर होतो. वाचलो, आणि विश्रांतीला या थोरल्या बहिणीकडे आलो. काही आठवड्यांत अंगाला भयंकर खाज सुटली, डोळे पिवळे झाले. "कावीळ हाय, उतरवून घेऊ," म्हणत आक्काने मला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्याने चुन्याच्या पाण्यात माझे हात धुतले, पाणी पिवळं झालं, आम्ही समाधानाने परतलो. असं तीन वेळा. मग पुण्यात कळलं, की कोरोनातच पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या नासल्यात. यकृत बदलावं लागेल. सकाळी उठल्याबरोबर उजेडात नखं बघायची सवय तेव्हा लागली, ती अजून आहे.

ऑपरेशननंतर आक्का एकदाही भेटायला आली नाही. फोन दाजीच उचलायचे, "ती रानात गेलीय," म्हणायचे. मला राग यायचा. पण त्याहून जास्त तिच्या हातच्या भाकरीची, पिवळ्याधमक वरणाची आठवण यायची आणि डोळे भरायचे.

परभणीला जिंतूरची एसटी लागलेलीच होती. शेजारच्या बाईंनी मला निरखलं.

"मास्क कामून लावलाव? कोरोना गेला की."

"गेला, पण मला घेऊनच चालला होता. लिव्हर बदलावं लागलं."

"अगं बाई! कुणाचं बसवलं?"

"बायकोचं."

"मंग आता घरात तिचंच चालत आसंल."

"आधीही तिचंच चालायचं," म्हटल्यावर बाई खळखळून हसल्या.

बोरी मागे पडलं. दोन्ही बाजूंना शाळू (रब्बीची ज्वारी) उभा होता. पुण्यातल्या खोलीत पडल्या पडल्या मी हेच रान आठवत असे. जिंतूरला गाडी बदलली. चारठाण्यात उतरलो, तर दाजी घ्यायला आलेले. जुन्या देवळांवरून आम्ही घरी आलो. आक्काने दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आणि लगेच चुलीकडे वळली.

ताट आलं. गरम भाकरी, आणि वाटीत पांढरंफटक वरण.

"आक्का, हळद संपली का गं?"

तिने तोंड फिरवलं. दाजी म्हणाले, "कावीळ उतरवायच्या नादात तुमचं लय नुकसान झालं म्हणून हळद सोडली तिनं. कपाळापुरती चिमूटभर ठेवती, पर सैपाकात न्हाई. तीन वर्सं आमी बी पांढरंच खायलोय."

"येडी हायस का तू?" मी ओरडलोच. "नळ्या आधीच खराब झाल्या होत्या, व्हेंटिलेटरवर असतानाच. तू नेलं नसतंस तरी यकृत बदलावंच लागलं असतं. डॉक्टरांना तीनदा विचारलंय मी."

"तीनदा कामून विचारलंस?"

तिच्याशी खोटं बोलणं मला कधीच जमलेलं नाही.

"पहिल्यांदा तुझ्यावर राग होता म्हणून," मी म्हणालो. "नंतर दोन्ही वेळा तुझ्याकडं यायचं होतं म्हणून."

आक्का पदरात तोंड घालून रडली. मग उठली, वाटी घेऊन शेजारी गेली आणि हळद मागून आणली. वरणाला नव्याने फोडणी बसली. मी भाकरी कुस्करली आणि दोन वाट्या ओरपल्या. दाजींनी तीन.

दुसऱ्या दिवशी जेवूनच निघालो. परतीच्या गाडीत उजेडात बोटांकडे लक्ष गेलं. नखं पिवळी! मग आठवलं, आणि एकटाच हसलो. साबणाने दोनदा धुऊनही तो रंग गेला नव्हता. चारठाणा मागे राहिलं होतं आणि आत्तापासूनच परत जावंसं वाटत होतं.

घरी सुनंदाने दार उघडलं, माझे हात पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"घाबरू नकोस," मी बोटं तिच्या नाकाशी धरली. "आक्काचं वरण आहे."