आवडाबाईच्या बिनवाळूच्या तिसऱ्या

आवडाबाई भाट्याच्या खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायची. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरायची आणि पायानं चिखल चाचपायची. शिंपी बोटाला लागली की वाकायचं, खुरप्यानं उकरायचं, मागं टाकायचं. मागं घमेलं असायचं. ते कमरेला दोरीनं बांधलेलं, पाण्यावर तरंगत तिच्या पाठून यायचं. एकदा बांधावर बसून मी मोजलं. तासाला दीडशे वेळा वाकली. एका ओहोटीत चार तास काम. हिशोब ज्याचा त्यानं करावा.

खाडीच्या काठावर सागरी जीवांचं एक संशोधन केंद्र होतं. मी तिथं पाणी भरायला होतो. धक्क्यावरून समुद्राचं पाणी आणून टाक्यांत ओतायचं. वीस लिटरचे कॅन, दोन हातांत दोन, चौसष्ट पायऱ्या. दिवसाला सोळा कॅन. टाकीतल्या पाण्याचा खारेपणा रोज मोजून फळ्यावर लिहीत. आकडा हलला की साहेब मला बोलावत. त्यामुळे खाऱ्या पाण्याच्या बाबतीत मी जरा कडक होतो.

१९९८ साली केंद्राला जिवंत तिसऱ्या हव्या झाल्या. साहेब म्हणाले, "रावजी, खात्रीचं माणूस बघा." मी आवडाबाईला घेऊन आलो. पहिल्या दिवशी तिनं टोपली टेबलावर ठेवली आणि साहेबांना म्हणाली, "खाऊन बघा. वाळूचा कण लागला तर टोपली माझ्या डोक्यावर ओता."

साहेब म्हणाले, "बाई, आम्ही खाणार नाही. अभ्यास करणार."

"अभ्यास करा नाय तर आमटी करा. वाळू लागायची नाय."

हा तिचा हट्ट होता आणि त्याला कारण होतं. लग्न होऊन महिना झाला असेल. जयगडहून पाहुणे आले होते. तिनं केलेल्या तिसऱ्यांत एका पाहुण्याच्या दाताखाली वाळू करकरली. सासू उठली, सगळ्यांच्या ताटांतलं कालवण परत टोपात ओतलं आणि टोप कोंबड्यांपुढं पालथा केला. पाहुण्यांनी भात ताकाशी खाल्ला. आवडाबाई सांगायची, "त्या दिवसापासून माझ्या हातनं वाळूची तिसरी गेली नाय. कोंबड्यांना पण नाय."

२००५ मध्ये नीरजा आली. शिरगावच्या मास्तरांची मुलगी. पीएच.डी. करायला. अंगानं बारीक, पण कामाला चिवट. तिचा विषय असा: उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी खाडीतली डबकी तापतात, तेव्हा तिसऱ्या तग कशा धरतात. तिनं मला समजावलं ते असं. ताप झाला की शिंपीच्या अंगात एक प्रथिन तयार होतं. घर पेटल्यावर बादल्या घेऊन धावणारे शेजारी असतात, तसं ते बाकीच्या प्रथिनांना सावरतं. शिंपी सुखात असेल तेव्हा हे शेजारी जवळपास नसतातच. ते आलेत की नाहीत, एवढं पकडायचं.

पकडायला अँटिबॉडी लागते. ती सशाची. पूर्वी केंद्रात सशाचं रक्तजल वापरत. त्यात शंभर जातीच्या अँटिबॉडी एकत्र, भलत्याच प्रथिनाला चिकटायच्या आणि फिल्मवर नुसती रांगोळी दिसायची. २००७च्या जानेवारीत नवीन आली. सशाच्या एकाच पेशीची पैदास वाढवून काढलेली, म्हणून सगळ्या एकसारख्या. एकाच प्रथिनाला ओळखणार, त्यातही त्याच्या एकाच ठिकाणाला. परदेशातून यायला सहा आठवडे लागले. थर्माकोलचा खोका टीव्हीएवढा आणि आत कुपी माझ्या करंगळीच्या पेराएवढी. तीत दहा वेळा पुरेल एवढंच पाणी.

आवडाबाई त्या दिवशी टोपली घेऊन आली होती. तिनं कुपी बघितली.

"हे काय गो, अत्तर?"

"सशापासून काढलंय आवडाबाई. हे तुमच्या तिसऱ्यांतलं एक प्रथिन ओळखतं."

"ससा राहतो रानात. त्याला तिसरी काय ठाऊक?"

"ठाऊक नसते म्हणूनच. परकी वस्तू त्याला टोचली की त्याचं शरीर ती नीट लक्षात ठेवतं."

"म्हणजे माझ्या सासूसारखा," आवडाबाई म्हणाली.

काम दोन दिवसांचं असे. आवडाबाईनं आणलेल्या तिसऱ्यांतल्या निम्म्या आल्या आल्या गोठवायच्या. ह्या सुखातल्या. निम्म्या तासभर कोमट पाण्यात ठेवून मग गोठवायच्या. ह्या तापलेल्या. दोन्हींचा मगज वाटून त्यातली प्रथिनं काढायची, विजेनं एका पातळ जेलीतून ओढायची. हलकी पुढं जातात, जड मागं राहतात. मग ती तशीच्या तशी एका कागदासारख्या पडद्यावर उतरवायची. पडदा दुधात भिजवायचा, म्हणजे मोकळ्या जागा बुजतात आणि अँटिबॉडी उगाच कुठंही चिकटत नाही. मग सशाची अँटिबॉडी. मग धुणं. मग दुसरी अँटिबॉडी, जी पहिलीला धरते आणि औषध घातलं की उजेड देते. तो उजेड अंधाऱ्या खोलीत फिल्मवर घ्यायचा. प्रथिन असेल तिथं काळी रेघ.

पडदा ट्रेमध्ये सतत हलता ठेवायला यंत्र होतं. पण त्या वर्षी लोडशेडिंग भारी. वीज गेली की यंत्र थांबे. मग ट्रे मी हलवायचो. एक तास, मिनिटाला वीस हेलकावे. सांडला तर गेलं, थांबला तर डाग. पाण्याचे कॅन परवडले.

आणि एवढं करून फिल्म यायची ती अशी: तापलेल्या तिसऱ्यांची रेघ काळी, सुखातल्यांचीही काळी. दरवेळी. नीरजानं दूध बदललं, धुणं वाढवलं, अँटिबॉडी आणखी पातळ केली. रेघा दोन्हीकडं तशाच. कुपीतले आठ भाग संपले.

साहेब म्हणाले, "नीरजा, ही अँटिबॉडी खोटं बोलते. कंपनीला लिहू."

"सर, खोटं बोलत असती तर वेड्यावाकड्या रेघा आल्या असत्या. एकच रेघ येते, बरोबर वजनाला."

"मग सुखातल्या तिसऱ्यांत ती काय करते?"

तेवीस मार्चला नीरजाचं काम तपासायला समिती येणार होती. नवी कुपी मागवायची तर सहा आठवडे. तोवर रेघ सिद्ध झाली नाही, तर ते प्रकरण प्रबंधातून काढायचं ठरलं होतं. म्हणजे दोन वर्षं पाण्यात. हातात दोन भाग उरलेले. ती डबा न उघडता घरी जायला लागली.

दहा मार्चला आवडाबाईची टोपली आली नाही. खडकाला चिकटलेल्या कालवाच्या शिंपल्याच्या कपचीनं टाच कापली होती. मी सायकल घेऊन तिच्याकडं गेलो. ती पडवीत पाय वर घेऊन बसली होती आणि पुढं मोठं पातेलं. पातेल्यात तिसऱ्या, वर पाणी. शेजारी कळशी. मी बघत असताना तिनं कळशीतलं पाणी पातेल्यात ओतलं.

"कसलं पाणी ते?"

"विहिरीचं."

"विहिरीचं? खाडीच्या तिसऱ्यांना?"

"अर्धं खाडीचं, अर्धं विहिरीचं. काल सांजेपासून ठेवल्यात. दोनदा पाणी बदललं."

"कशाला?"

आवडाबाईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी विचारलं, भात कशाला शिजवायचा. "अरे रावजी, नुसत्या खाऱ्या पाण्यात त्या सुखानं बसतात. मग वाळू कशाला सोडतील? पाणी गोडं केलं की कासावीस होतात. कासावीस झाल्या की ओकतात. तू खाडीकाठचा ना रे?"

"केंद्राच्या तिसऱ्या पण अशाच?"

"मग काय, तुमच्या साहेबाला वाळूच्या देऊ? नऊ वर्षं अशाच देतंय."

मला आधी राग आला तो माझ्या कॅनचा. सोळा कॅन, चौसष्ट पायऱ्या, फळ्यावरचा आकडा हलू नये म्हणून माझी कंबर गेली. आणि ही बाई घरी बसून कळशीनं पाणी गोडं करत होती. सायकलवर बसल्यावर पुढचं डोक्यात आलं. कासावीस. हा शब्द तिनं वापरला होता, मी नाही.

केंद्रात पोचलो. नीरजा नववा भाग काढायच्या तयारीत होती.

"थांब पोरी," मी म्हणालो. "ह्या तिसऱ्या सुखातल्या नाहीत. रात्रभर छळलेल्या आहेत."

सगळं सांगितलं. तिनं हातातली पिपेट खाली ठेवली. मग हसायलाच लागली. "रावजीकाका, छळ गोड्या पाण्याचा असला तरी ते शेजारी धावतातच. अँटिबॉडी खरं बोलत होती. दोन महिने ती एकटीच खरं बोलत होती."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आवडाबाईकडं. नीरजानं तिला प्रेमानं सांगितलं, "आवडाबाई, मला ह्या वेळी न धुतलेल्या हव्यात. खाडीतून काढल्या तशा, खाडीच्याच पाण्यात. वाळूसकट."

आवडाबाई म्हणाली, "नाय."

"माझं दोन वर्षांचं काम आहे हो."

"माझं चाळीस वर्षांचं हाय. वाळूची टोपली घेऊन मी रस्त्यानं जाऊ? वाडीत कोण भेटला आणि हात घालून बघितलं तर? म्हणतील, आवडी म्हातारी झाली, आता धुवत पण नाय."

"तर मी स्वतः काढते," नीरजा म्हणाली.

"तू? तुला तिसरी पायाला लागली तर तू किंचाळशील."

मी म्हणालो, "आवडे, निम्म्या धुतलेल्या आण, निम्म्या न धुतलेल्या. धुतलेल्या वर ठेव."

ती बराच वेळ टाचेची पट्टी नीट करत बसली. "ह्या पोरीचं लगीन अडलंय काय त्या कागदापायी?"

"लग्न नाही, पदवी."

"मग बरं. लगीन असतं तर नाय म्हटलं असतं," ती म्हणाली.

टाच भरायला चार दिवस गेले. पंधरा मार्चच्या ओहोटीला ती लंगडत पाण्यात उतरली. मी बांधावर कॅन घेऊन उभा होतो. निम्म्या तिसऱ्या तिथंच खाडीच्या पाण्यात घेतल्या आणि नीरजानं अर्ध्या तासात गोठवल्या. निम्म्या आवडाबाईनं रीतसर घरी नेऊन छळल्या आणि सोळाला सकाळी आणल्या. त्यांतल्या काही गोठवल्या, काही आधी तापवल्या. तीन जाती झाल्या.

आवडाबाई त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही तिथंच थांबली. म्हणाली, "माझ्या तिसऱ्यांचा निकाल हाय. मला बघायचाय." पडदा दुधात घातला तेव्हा म्हणाली, "कागदाला दूध पाजतंस, आणि चहात पाणी घालतंस." सतराला सकाळी अँटिबॉडी घातली आणि वीस मिनिटांत वीज गेली. मी ट्रे उचलला. दहा हेलकावे झाले असतील.

"दे इकडं. तू कॅन उचलणारा. तुझा हात आडदांड."

आवडाबाईनं ट्रे मांडीवर घेतला. नांगरलेली होडी बारीक लाटेवर जशी हलते तसा हलवला. चाळीस मिनिटं. थेंब सांडला नाही, वेग बदलला नाही. मी घड्याळ लावून बघत होतो. मिनिटाला वीसच. कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारी अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली तिघं उभे. नीरजानं फिल्म औषधातून काढली आणि बाहेर येऊन खिडकीला धरली. तीन जागा. पहिली कोरी, नखाएवढी सावली सोडली तर. दुसरी काळी. तिसरी काळीकुट्ट.

नीरजानं फिल्म साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "पुन्हा करा," म्हणाले. शेवटचा भाग होता, तरी केलं. पुन्हा तेच आलं. तेवीसला समितीनं ते प्रकरण ठेवलं, वर गोड्या पाण्याच्या त्रासावर चार पानं वाढवायला सांगितली. ती चार पानं म्हणजे आवडाबाईची कळशी.

पण हे नंतरचं. त्या दिवशी खिडकीपाशी आवडाबाईनं विचारलं, "माझी कुठली?"

"मधली. धुतलेली."

"काळी म्हणजे?"

"म्हणजे त्यांना खूप त्रास झाला होता."

आवडाबाईनं फिल्म हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. "चाळीस वर्षं होय गो?" म्हणाली. मग मान हलवली. "असू दे. खाताना करकरली तर तुझा ससा येणार हाय काय पाहुण्यांना तोंड दाखवायला?"

न धुतलेल्या वीसेक तिसऱ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत उरल्या होत्या, त्या टोपलीत काढल्या. साहेब म्हणाले, "राहू द्यात बाई, मी घरी नेतो."

आवडाबाईनं टोपली त्यांच्या हातातून ओढून घेतली.

"उद्या आणून देतंय," ती म्हणाली. "रावजी, जाताना विहिरीवर थांब, कळशी भरून दे. माझी टाच दुखतेय."

मी भरून दिली. एक कळशी, बावीस पायऱ्या.