बाबांची कवळी

आमच्याकडे जेवायला आलेल्या प्रत्येकाने कवळीची गोष्ट ऐकलेली आहे. मंगेश — माझा नवरा — ती फार रंगवून सांगतो. स्टेकचं महागडं हॉटेल, सासऱ्यांनी नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवलेली कवळी, वेटरने उचलून नेलेला नॅपकिन, आणि मग अख्खा स्टाफ धुण्याच्या पिशव्या उलट्या करून दात शोधतोय! लोक पोट धरून हसतात. मीही हसते. कुठे हसायचं ते आता मला पाठ झालंय.

पण त्या गोष्टीत एक वाक्य कमी आहे. मंगेशला ते ठाऊक नाही, कारण तेव्हा तो टेबलाशी नव्हता. माझ्या मुलीला, इराला ठाऊक नाही. ते वाक्य माझं आहे, आणि मी ते आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही कधी माझ्या घरी जेवायला येणार नाही, म्हणून असेल.

आधी बाबांबद्दल सांगायला हवं. मी त्यांची एकुलती एक. आई गेल्यावर ते कराडच्या घरात एकटेच उरले, आणि मी त्यांना व्हिजिट व्हिसावर दुबईला घेऊन आले. लेकीच्या घरी फार राहू नये, असं मानणाऱ्या पिढीतला माणूस. पहिल्या आठवड्यात सोफ्यावरही कडेला बसायचे, स्टेशनवर बसावं तसे. मग हळूहळू रुळले. खालच्या ग्रोसरीवाल्या मल्याळी चाचांशी गट्टी जमली. त्यांच्याकडून यल्ला, खलास, शुक्रन असे अरबी शब्द उचलून आणायचे आणि इराला शाळेच्या बससाठी ‘यल्ला यल्ला’ करून हाकलायचे. घरात मटण शिजलं की नळी माझी. लहानपणापासून तसंच. ताटावर हाड ठोकून आतला मगज काढायचा आणि माझ्या ताटात टाकायचा. माझं लग्न झालं, मूल झालं, माझे केस पिकायला लागले, तरी नळी माझीच.

एकदा माझ्याबरोबर कपड्यांच्या घड्या घालताना, वर न बघता ते म्हणाले, “वैशू, अजून थोडे दिवस राहायला जमेल का गं?” हे विचारायला त्यांना किती जड गेलं असेल, ते त्यांच्या हातातल्या टॉवेलवरून मला कळलं. एकाच टॉवेलची घडी ते पुन्हा पुन्हा घालत होते. जावयाला तर त्यांनी मरेपर्यंत विचारलं नसतं. विचारायची गरजही नव्हती — मंगेशने आपणहूनच एजंटशी बोलून ठेवलं होतं, व्हिसा वाढत होता. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. मी म्हटलं, “इराच्या वाढदिवसानंतर बघू.” उगाच. हातात होतं म्हणून लांबवलं.

वाढदिवसाला इराला स्टेकच हवं होतं. दुबई मरीनातलं हॉटेल, पाण्याकडची काच, मंद दिवे. आम्ही बीफ खात नाही, म्हणजे स्टेकच्या हॉटेलात जाऊन लॅम्ब मागवणारी आम्ही माणसं! बाबांनी मेनूवरचा भाव रुपयांत करून बघितला आणि यात कराडात किती किलो मटण येईल ते मोठ्याने सांगितलं. मी हसले. तोपर्यंत सगळं छान होतं हो.

लॅम्ब चिवट निघालं. बाबांची कवळी जुनी, सैल. दोन घास कसेबसे चावले, मग मान खाली घालून कवळी काढली, नॅपकिनमध्ये गुंडाळून ताटाशेजारी ठेवली. हे त्यांनी इतकं गुपचूप केलं, की माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. मग त्यांना मांसाच्या मधोमध हाडाचं गोल कडं दिसलं — नळी! त्यांचा चेहरा उजळला. हाड हातात घेऊन त्यांनी ताटलीवर ठोकलं. ठक, ठक. त्या हॉटेलात काटे-चमच्यांचाही आवाज होत नव्हता. मगज निघाला, तो चमच्यात घेऊन त्यांनी माझ्यापुढे धरला. बोळक्या तोंडाने हसत होते. मी म्हटलं, “बाबा, इथे नको ना.” त्यांनी चमचा तसाच खाली ठेवला.

आणि तेवढ्यात तो नॅपकिन गेला.

पुढचं मंगेश सांगतो तसंच. शोधाशोध झाली. मंगेश आणि इरा हसत हसत वेटरच्या मागून आत गेले. इरा तर खूश, बर्थडेला ट्रेझर हंट म्हणून. टेबलाशी आम्ही दोघंच उरलो. बाबा तोंडावर हात धरून बसले होते. मी काय केलं? मी फोन काढला. काही आलेलं नव्हतं, तरी बघत बसले. शेजारच्या टेबलावरची बाई एकदा वळली, बस्स. ती मला ओळखत नव्हती, मी तिला ओळखत नव्हते. मग कुणाची लाज वाटत होती मला?

कवळी सापडली. वेटर एकटाच पुढे आला. मंगेश आणि इरा मागे मॅनेजरचे आभार मानत थांबले होते. चांगला पोक्त माणूस होता तो. त्याने कवळी धुऊन, कोऱ्या नॅपकिनवर ठेवून, ताटलीतून आणली होती आणि वर दुसरा नॅपकिन झाकला होता, कुणाला दिसू नये म्हणून. बाबांसमोर ठेवली. मग माझ्याकडे बघून हसत म्हणाला, “आपके पापा हैं ना, मॅडम? मेरे पापा भी—”

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही.

सांगते. इथवर आलेय तर सांगायलाच हवं. मंगेशच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून मी म्हटलं, “नहीं. उनके पापा हैं.”

झालं. एवढंच वाक्य. बाबा माझ्या शेजारी बसले होते, हाताच्या अंतरावर. त्यांना हिंदी उत्तम येतं. ते नॅपकिनच्या आड कवळी बसवत होते, आणि बसवता बसवता त्यांचा हात थांबला. मग पुन्हा हलला. ‘शुक्रन’ म्हणाले त्या वेटरला.

गाडीत सगळ्यात जास्त बाबाच बोलले. कवळीची गोष्ट रंगवून सांगायला सुरुवात त्यांनीच केली. वेटर कसा धावला, मॅनेजर कसा घाबरला, सगळ्यांच्या नकला. मंगेशला हसून गाडी चालवता येईना. माझ्याकडे मात्र त्यांनी एकदाही बघितलं नाही. मला वाटत होतं, त्यांनी बोलावं. ओरडावं. कराडात असते तर ओरडलेही असते. पण हे लेकीचं घर, जावयाची गाडी.

त्यानंतर मला त्यांचा चेहरा बघवेना. तुम्हाला हे समजेल का? ज्याचा अपराध करावा त्याचाच राग यायला लागतो. सकाळी उठून त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवला होता, नेहमीसारखा, आणि तो कप हातात घेऊन मी सांगितलं, “बाबा, व्हिसा वाढत नाही म्हणे. इथले नियम बदललेत.” आखातातल्या माणसाला ही फार मोठी सोय आहे. व्हिसा म्हटलं की गावाकडचं कुणी पुढे विचारत नाही. बाबा म्हणाले, “बघ ना एकदा विचारून.” मी म्हटलं, विचारलं. ते हसून म्हणाले, “खलास, मग.”

आणि त्याच दिवशी मंगेशला मी सांगितलं, “बाबांना इथे करमत नाही, त्यांना परत जायचंय.” त्याला आश्चर्य वाटलं, पण त्याने मानलं. एकाला एक खोटं, दुसऱ्याला दुसरं. सासरा-जावई अशा गोष्टी एकमेकांशी बोलणार नाहीत याची मला खात्री होती. त्या दोघांमधल्या अदबीवर मी माझं खोटं टेकवून ठेवलं.

ते विमानतळापर्यंत टिकलं. बॅग उतरवताना मंगेश सहज म्हणाला, “बाबा, राहायचं होतं अजून. एजंट तर तयार होता, व्हिसा लगेच वाढला असता.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्या जेवणानंतर पहिल्यांदाच. मी ट्रॉलीचा दांडा धरून उभी होते. मला वाटलं, आता संपलं. आणि खरं सांगते, संपावं असंच वाटत होतं.

“नाही हो मंगेशराव,” बाबा म्हणाले, “मला इथे करमत नाही.”

माझेच शब्द. मी ते त्यांना सांगितले नव्हते. कुठून उचलले त्यांनी? की मुलीला वाचवायचं तर एवढंच म्हणता येतं, हे बापाला आपोआप कळतं? आत जाताना ते वळले नाहीत. मी घरी आले आणि स्वयंपाकाला लागले.

बाबा आता कराडात एकटे असतात. डबा लावलाय. रोज व्हिडिओ कॉल करतात, इराला ‘यल्ला’ म्हणतात. मंगेश समोर असला की राहण्याचा विषय चुकूनही काढत नाहीत. मी त्यांना सॉरी म्हटलेलं नाही. कशाबद्दल म्हणू? ते वाक्य पुन्हा उच्चारावं लागेल ना त्यासाठी. रात्री ठरवते, सकाळी फोन लावते, आणि डब्यात भाजी काय होती ते विचारते. मी तिथे जाऊन राहू शकते, त्यांना इथे आणू शकते. सगळं हातात आहे. हेच तर सहन होत नाही मला. नियम खरंच बदलले असते तर बरं झालं असतं, असंही कधी कधी मनात येतं.

परवा त्यांचा फोन आला तेव्हा मी एकटी होते. त्यांनी फोन तोंडाजवळ नेला, इतका की पडदाभर दातच दिसायला लागले. नवे, पांढरे, एकसारखे. पक्के बसवून घेतले म्हणे, आता काढावे लागत नाहीत. भाकरीचा कडक पापुद्रासुद्धा चावून दाखवला. मग फोन लांब धरला आणि पलीकडे बघत, टॉवेलची घडी घालताना बोलले होते त्याच आवाजात म्हणाले, “आता हॉटेलात न्यायला हरकत नाही बघ मला.”

मी म्हटलं, “हो बाबा. व्हिसाचं विचारते.”

“विचार,” ते म्हणाले. “सावकाश विचार.”