गावातलीच एक

"चिंबोऱ्या पकडणारी आता मला बांध शिकवणार?" मालक म्हणाला. ओट्यावरचे सगळे हसले. मीही हसलो.

खाली अंगणात माझी आई उभी होती. गुडघ्यापर्यंत खाडीचा चिखल, हातात टोपली. ओहोटी लागली की ती चिखलात उतरायची, चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरून पनवेलच्या बाजारात विकायची. आमची भातशेती खाडीपासून राखणारा मातीचा बांध तिला वीतन् वीत ठाऊक होता. मी गावच्या शाळेत मास्तर. गावची निम्मी शेती मालकाची, म्हणून बांधाच्या दुरुस्तीचा अर्ज लिहायला त्यानं मला पनवेलला आपल्या घरी बोलावलेलं. आमच्यातला ओट्यावर बसलेला मी पहिलाच. त्याचाच माज.

आई पुन्हा म्हणाली, "वरशी माती टाकून काय व्हनार नाय. उत्तरेला चिंबोऱ्यांनी बांध आतून पोखरलाय. उधानाला फुटंल."

मालकानं मला विचारलं, "मास्तर, कोण ही?"

"गावातलीच आहे एक," मी म्हणालो. शुद्ध मराठीत.

आईनं माझ्याकडे बघितलं. टोपली डोक्यावर घेतली, गेली. मी लिहिलं ते मालकानं सांगितलेलं. दक्षिणेला, त्याच्या शेताजवळ, वरून मातीची भर.

भर पडली. भादव्यातल्या उधाणाला बांध उत्तरेलाच फुटला. हाताशी आलेलं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं. मालकाचं, आमचं, सगळ्यांचं. आईनं घरी नेहमीसारखं मला ताट वाढलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मालकाचं पुन्हा बोलावणं आलं. "मास्तर, त्या बाईला विचारून घ्या, भोकं कुठं कुठं आहेत. आणि नीट लिहा."

ती त्याला आता हवी होती. पण माझ्या कागदात, ओट्यावर नाही. मी खाली उतरलो. त्या दिवशी आई उभी होती तिथंच उभा राहिलो.

"ती माजी आय हाय. तिला जे ठावं हाय ते सगल्यांचं हाय. पन इचारायचं तर बांधावर या. तुमी सोता."

आला. चपला हातात घेऊन चिखलातून तिच्या मागं चालला. सगळं गाव होतं. आईनं काठीनं एकेक भोक दाखवलं, एकही लपवलं नाही. ती माझ्यासारखी नव्हती. अर्ज मी बांधावरच लिहिला. पहिला अंगठा तिचा, मालकाची सही त्याखाली.

माफी मात्र मी मागितली नाही. ती वारली, तोवरही नाही.

एवढं ठरवलंय. ओट्यावर बसून गावाचं काही लिहायचं नाही. आणि "कोण ही?" असं कुणी विचारलं, तर आधी नातं सांगायचं. मोठ्यानं.