वसुलीची हलगी

कुठेही हलगी वाजली की माणसं घरातून बाहेर येतात. अभिमन्यूची हलगी वाजली की बाहेरची माणसं घरात जातात आणि आतून कडी लावून घेतात. यात हलगीचा काही दोष नाही. ती तीच, बापाच्या वेळची, आणि वाजवणाराही तोच. फरक इतकाच, की गेली काही वर्षं तो पालिकेच्या करवसुली पथकात रोजंदारीवर आहे.

हे पथक ज्यांच्या दारात आलं नाही ते नशीबवान म्हणायचे. एक जीप. पुढे इंद्रायणी मॅडम, वसुली निरीक्षक. मागे दोन शिपाई आणि त्यांच्या मधे हलगी मांडीवर घेऊन बसलेला अभिमन्यू. थकबाकीदाराच्या दारात जीप थांबते. अभिमन्यू उतरतो आणि वाजवायला लागतो. गल्ली जमली की शिपाई भोंग्यावरून घरमालकाचं नाव पुकारतो. बस, एवढंच. मारझोड नाही, शिवीगाळ नाही. चार लोकांत अब्रू गेली की माणूस आपोआप कपाटाची किल्ली शोधतो, हे कुणा हुशार माणसाच्या डोक्यातून निघालं आणि ते खरंच ठरलं. त्या हुशार माणसाला सोलापूरच्या मार्चातल्या उन्हात उभं राहावं लागत नाही, एवढी त्यात सोय आहे.

अभिमन्यूला लागतं. त्याची पन्नाशी कधीच उलटली आहे, गुडघे बोलतात, आणि संध्याकाळी खांद्यात अशी कळ येते की भाकरीचा तुकडाही मोडवत नाही. पण कामाला नाही म्हणायची सोय नाही. पूर्वी लग्नं होती, बारशी होती, जत्रेतल्या कुस्त्या होत्या. अभिमन्यू आला नाही तर पैलवान लांग कसत नसत, असं जुने लोक सांगतात. थोडं वाढवून सांगत असतील, पण अगदी खोटं नाही. मग डीजे आला. त्याच्या भिंतीएवढ्या पेट्यांपुढे एका कातड्याचं काय चालणार? हातावर पोट असलेल्या माणसाने काय करावं? मिळेल तिथे वाजवावं. त्याने वाजवलं.

त्याची किंमत काय पडणार, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी त्याच्या ओळखीच्या एका घरचं बारसं होतं. तो आपणहून हलगी घेऊन गेला, तर घरधन्याने त्याला कोपऱ्यात नेलं. म्हणाला, "अभिमन्यूदादा, जेवून जावा, पर वाजवू नगा. लोकास्नी वाटंल, आमच्या घरावर जप्ती आली." तो जेवला नाही. त्यानंतर उरलीसुरली बोलावणीही आटली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं.

हे सगळं त्याने गिळलं असतं. पण यंदा श्रावणीचं लग्न ठरलं.

श्रावणी त्याच्या धाकट्या भावाची, सिद्धारामची मुलगी. अभिमन्यूला मूलबाळ नाही, त्यामुळे ही पोर त्याच्याच अंगाखांद्यावर वाढली. रांगायचं सोडून ती पहिल्यांदा उभी राहिली ती या हलगीची कड धरून. तिच्या लग्नात आपण वाजवणार, यात त्याला कधी विचारण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. वैराग गावचं स्थळ पक्कं झालं त्याच दिवशी सिद्धाराम आला आणि उंबऱ्यावरच बसला.

"दादा, यक सांगायचं हुतं. आमी बँजोवाला ठरीवलाय."

"ठरीव की. त्येच्या आदी मी वाजवतो."

"न्हाय, तसं न्हवं." सिद्धाराम खाली बघत होता. "तू हलगी आणू नगंस. वैरागचं पावणं लई मानाचं हायत. त्यांचं निम्मं गणगोत हितं सोलापुरात हाय. तुला वळखत्यात सगळी. पोरीच्या मांडवात उगं कुणी काय बोललं तर?"

अभिमन्यूला राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला नुसता थकवा आला. "व्हय," तो म्हणाला, "बरुबर हाय तुजं." आणि भाऊ गेल्यावर त्याने हलगी खुंटीला अडकवली. श्रावणीच्या मांडवात एकदा, फक्त एकदा, वाजवायला मिळावं, एवढंच त्याच्या मनात होतं. दुसरं काहीही त्याला नको होतं.

आता होटगी रोडकडे जायला हवं. तिथे एका सरकारी महामंडळाचं कार्यालय आहे. नाव सांगून काय करायचं, सगळी एकाच कुळीची. त्यांना इमारत वाढवायची होती. जुन्या बैठ्या इमारतीच्या मागे तीन मजले, वर सभागृह, खाली गाड्यांना जागा, साहेबांना लिफ्ट. नकाशे रंगले, फलक लागला. फक्त जुन्या इमारतीचा मिळकत कर कित्येक वर्षांत भरलेला नव्हता. सरकारी इमारतीला कर लागतो की नाही, आणि लागला तर सगळा की थोडा, यावर दोन्हीकडून पत्रं जात-येत होती. पथकाची जीप त्या फाटकावरून जाताना कधी थांबली नाही. एकदा अभिमन्यूने हळूच विचारलं, तेव्हा मॅडम डोळे मिटूनच म्हणाल्या, "तिथला पत्रव्यवहार चालू आहे." मॅडमही दमलेल्या असत; त्यांना आकडा गाठायचा असे आणि वरून ओरडा खायचा असे. आपल्या गल्लीतल्या लोकांना पत्रं लिहिता येत नाहीत, म्हणून त्यांच्या दारात हलगी, एवढं अभिमन्यूला समजलं.

कर भरल्याशिवाय बांधकामाचा परवाना मिळत नाही. पण मुंबईच्या मोठ्या साहेबांची तारीख मिळाली होती, तेव्हा भूमिपूजन आधी आणि परवाना मागाहून, असं ठरलं. आणि पारंपरिक वाद्य हवं म्हणून महामंडळाचा शिवू नावाचा शिपाई अभिमन्यूच्या दारात आला. शिवू अक्कलकोटकडचा, नुकताच बदलून आलेला. त्याला वसुलीचं काही ठाऊक नव्हतं.

"हलगीवाले तुमीच की? सायबांनी सांगिटलंय, फेटा बांधून या. पेपरवाले येनार हायत."

अभिमन्यूने लगेच पेटीतला फेटा काढला. शुभकार्य! आणि वर पेपरात फोटो. वैरागला पेपर जातोच. पाहुणे बघतील, हा माणूस चांगल्या कामालाही वाजवतो, सरकारच्या दारात फेटा बांधून वाजवतो. मग सिद्धाराम काय म्हणेल? त्याने पथकात अंग दुखतंय म्हणून सांगितलं, ते खोटंही नव्हतं, आणि सकाळी लवकर जाऊन महामंडळाच्या भिंतीआड पालापाचोळा पेटवून हलगी शेकली. कातडं ताणलं, टणत्कार आला. फेटा सारखा करून तो फाटकात उभा राहिला आणि वाजवायला लागला.

मनापासून वाजवलं त्याने. लग्नातला ठेका होता तो, नवरा पारावरून मांडवाकडे निघतो तेव्हाचा. पण ऐकणाऱ्याला ठेक्यातला फरक कुठला कळतोय? फाटकात अभिमन्यू आणि त्याच्या गळ्यात हलगी, एवढंच लोकांनी पाहिलं. समोरचा चहावाला ओरडला, "अरं, ह्यांच्या दारात बी आलं की पथक!" रस्त्यावरची माणसं थांबली, मोबाईल वर झाले. लेखा विभागातल्या दोघांनी खिडक्या ओढून घेतल्या. कुणीतरी फाटकच लावलं. व्यवस्थापक वेणीमाधव साहेब पूजेला बसले होते. त्यांची पाचावर धारण बसली. हातातल्या अक्षता तशाच घेऊन, अनवाणी, ते फाटकाशी धावत आले.

"अहो, आज नको! पाया पडतो तुमच्या, आज नको. सोमवारी चेक पाठवतो."

"साहेब, तुमीच बोलीवलंय मला. ह्यो तुमचाच शिपाई आला हुता."

"मी? मी वाजंत्री सांगितलं होतं, वसुली कशाला बोलावू?"

शिवू तोंडावर हात ठेवून मागे उभा होता. तोवर मुंबईचे साहेब मंडपातून उठून आले. त्यांनी वेणीमाधव साहेबांना सगळ्यांदेखत विचारलं, "किती वर्षांचा कर थकलाय?" वेणीमाधव साहेब हातातल्या अक्षता मोजायला लागले, आणि तेवढ्यावरून चहावाल्यालाही आकडा कळला. मोठे साहेब गाडीत बसून निघून गेले. नारळ फोडायचा राहिला.

खरं सांगायचं तर त्या घटकेला अभिमन्यूला गंमत वाटली. इतकी वर्षं तो लोकांची खाली गेलेली मान बघत आला होता. आज प्रथमच एका साहेबाचे जोडलेले हात बघितले. गुडघे दुखत होते तरी घरापर्यंत तो चालत गेला.

पण करायला गेला गणपती आणि झाला मारुती. पेपरात फोटो आला, फेट्यासकट आला, आणि खाली छापलं होतं: 'थकबाकीदारांचा कर्दनकाळ'. आठवड्याच्या आत महामंडळाने सगळा कर भरला. कर खात्यात पेढे वाटले. अभिमन्यूला बोलावून शाल आणि नारळ दिला आणि इंद्रायणी मॅडम म्हणाल्या, "अंग दुखत असताना तुम्ही एकटे गेलात! आता तुम्हाला पथकातून कुणी काढणार नाही." खरं काय ते सांगायला त्याने तोंड उघडलं होतं. पण मॅडम कित्येक महिन्यांनी हसत होत्या. त्याने नुसती शाल सारखी केली. वैरागच्या पाहुण्यांनीही फोटो पाहिला. सिद्धारामला त्यांचा फोन आला आणि त्यात ते नुसते हसले. सिद्धाराम मात्र दोन दिवस भावाशी बोलला नाही.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी श्रावणी स्वतः आली. काकाच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "काका, लग्नात बाबा म्हनत्यात तसं होऊ दे. पन हळद आपल्या दारात हाय. तितं पावणं न्हायत, सगळी आपलीच मानसं. हळदीला तुमी वाजवा. न्हायतर मी हळद लावूनच घेनार न्हाय."

"तुजा बाप?" एवढंच अभिमन्यूने विचारलं.

"बाबास्नी मी बघते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात मांडव होता, पाट होता, पाटावर पिवळी झालेली श्रावणी होती. सिद्धारामने हलगी शेकायला स्वतःच गवत आणून दिलं. अभिमन्यूने वाजवायची बारीक काडी आणि जाड टिपरू हातात घेतलं आणि सुरुवात केली. आधी जरा अडखळला. मग बायकांनी टाळ्या धरल्या, कुणीतरी पदर खोचून उठली, श्रावणी पाटावर बसल्या बसल्या खांदे हलवायला लागली, आणि अभिमन्यू गुडघे विसरला, खांदा विसरला, जीप आणि भोंगा विसरला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. सुखी होता तो, अगदी साधा सुखी.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाच्या घरातून एक म्हातारी लगबगीने येताना दिसली. गल्लीत नव्यानेच राहायला आलेली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात एक पावती. बायकांमधून वाट काढत ती थेट त्याच्यापुढे आली आणि पावती त्याच्या तोंडासमोर धरली.

"भरलंय बाबा, भरलंय. काल सून जाऊन भरून आली. ही बघ की. वाजवू नगंस रं, पोरगं कामावर गेलंय माजं."

काडी थांबली. टाळ्या थांबल्या. अभिमन्यूने हलगी अंगाशी घेतली आणि जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाला, "आजी, तसं न्हाय. पोरीचं लगीन हाय. हळद हाय आज."

म्हातारीने वळून मांडव बघितला. पाट बघितला, हळदीने माखलेली पोर बघितली. मग पुन्हा त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

"लगीन हाय?" ती म्हणाली. "मग तू रं कशाला आलास?"