आक्काच्या व्हॅनमधला टेप

नमस्कार मंडळी. या ग्रुपवरचे अनुभव मी वर्षभर वाचतोय, पण खरं सांगू का... करमणूक म्हणून. दार आपोआप उघडलं, दिवा आपोआप लागला — मी मनात म्हणायचो, लूज कनेक्शन असणार! मी कारेगावात राहतो, एका कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. आमच्यात मीटर दाखवेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. म्हणून आज हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. हसायचं असेल तर खुशाल हसा.

माझी थोरली बहीण, आक्का, न्हावऱ्याला असते. दाजी गेले तेव्हापासून शेवंतीचं रान तीच बघते. रोज सकाळी फुलांचे क्रेट व्हॅनमध्ये भरून ती स्वतः दौंडच्या हारवाल्यांना पोच करते. गाडी चालवायला दाजींच्या माघारी शिकली, आणि हट्टानं शिकली. पण सीएनजीची ती व्हॅन कागदोपत्री तिच्या दिराच्या, बापूंच्या नावावर. बापू दौंडला राहतात. माणूस वाईट नाही, पण वहिनीनं एकटीनं गाडी हाकणं त्यांना पहिल्यापासून खटकत होतं. नुसतं निमित्त हवं होतं.

ते निमित्त मी दिलं. एकटी जाते, सोबतीला आवाज असावा म्हणून शिरूरहून एक टचस्क्रीन टेप आणून मी व्हॅनमध्ये बसवला होता. सात-आठ महिने छान चालला. मग एके दिवशी गाडी बंद, चावी आक्काच्या कमरेला, आणि अंगणात टेप आपला आपण सुरू! गाणं नाही, बातम्या नाहीत... नुसती खरखर. सलग तीन दिवस तेच. शेजारच्यांनी लगेच दाजींचं नाव घेतलं. ते बापूंच्या कानावर गेलं आणि त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "रविवारी येतो. गाडी घेऊन जातो."

आक्काचा मला फोन. "संद्या, गाडी गेली तर फुलं काय डोक्यावर न्हिऊ का रं? बापू यायच्या आत मिटीव ही भानगड."

रविवारी अकराला मी तिच्या अंगणात हजर. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम. टेपला मुख्य वायरी तीनच. पिवळी बॅटरीवरून थेट, लाल चावीवरून, काळी बॉडीला. चावीशिवाय टेप लागतो म्हणजे लाल कुठंतरी पिवळीला चिकटली असणार, सरळ हिशोब. टेप बाहेर ओढला, लाल वायर सोडवली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. म्हटलं, आता वाज बघू!

वाजला. खरखर... आणि स्क्रीनवर उजेड.

मी चिडलो. दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीचं मायनस टर्मिनलच काढून बाजूला ठेवलं. टेप बंद पडला. मी सीटवर बसलो, टेप मांडीवर घेतला, म्हटलं आता निवांत एकेक वायर तपासू. मिनिटभर गेलं असेल. मांडीवरचा टेप पुन्हा लागला.

मग मीटरच्या पिना पिवळ्या-काळ्यावर टेकवल्या. शून्य. मीटर खराब असेल म्हणून टॉर्चच्या सेलवर टेकवल्या... बरोबर दाखवतोय. म्हणजे वायरीत करंट नाही, आणि टेप चालू. कपॅसिटरमध्ये उरलेला करंट म्हणाल, तर तो असा मिनिटभर थांबून परत येत नाही, आणि स्पीकर तर मुळीच वाजवत नाही. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो होतो.

काय करावं सुचेना, म्हणून पिवळी वायर धरून डॅशबोर्डच्या आत हात घालत गेलो. हात आत जाईल तशी खरखर वाढायला लागली. हात मागे घेतला की कमी. पुढे नेला की जास्त. कोपरापर्यंत हात आत गेला तेव्हा आवाज एवढा झाला की कानाला सोसवेना. बोटाला उघडं तांबं लागलं आणि टेप गप्प झाला. स्क्रीन काळी. त्यानंतर आपोआप लागला नाही.

टॉर्च मारून बघितलं. पत्र्याच्या धारेवर घासून पिवळी वायर सोलून निघाली होती. खालचं कार्पेट तळहाताएवढं जळून कोळसा झालेलं. शेवंतीच्या वासात जळका वास कुणाला आला असता? आणि वायरीवरच्या फ्यूजच्या होल्डरमध्ये फ्यूज नव्हताच. मीच घातलेली तांब्याची तार होती.

ही माझी करणी. टेप बसवल्यावर फ्यूज दोनदा उडाला होता. परत शिरूरला कोण जाणार, म्हणून तार घातली, चालू झालं, मी घरी गेलो. कंपनीत कुणी असं करताना दिसला तर मी त्याला शिव्या घालतो. इथं फ्यूज मला ओरडून सांगत होता, वायर घासतेय बाबा. मी त्याचं तोंड बंद केलं. मागे सीएनजीची टाकी, पुढे माझी बहीण, आणि मध्ये ही तार!

तेवढ्यात बापूंची गाडी अंगणात आली. तार मी मुठीत लपवली.

"काय पाव्हणं, घावलं का काय?" बापू म्हणाले. मग आक्काकडे वळून, "वयनी, तुमचं भलं म्हणून सांगतो. दादाचा जीव गुतलाय त्या गाडीत. चावी द्या."

आक्का माझ्याकडे बघत होती. मी गप्प राहिलो असतो तर सगळं दाजींच्या नावावर खपलं असतं, माझी अब्रू राहिली असती, आणि गाडी गेली असती.

मी मूठ उघडली. "बापू, भूत-बित काही नाही. चूक माझी आहे." सगळं सांगितलं. टर्मिनल काढल्यावरही टेप वाजला, तेवढं सोडून. बापूंनी मला जे काही सुनावलं ते इथं लिहीत नाही, पण ते चावी न घेता गेले.

नवी वायर, नवा फ्यूज, वायरीवर रबरी नळी घालून टेप परत बसवला. आजपर्यंत कुरकुर नाही. आक्का रोज दौंडला जाते.

परवा तिच्याकडे जेवायला होतो. ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाली, "तवा बॅटरीची वायर सुटल्याली व्हती. बोनेट उघडं व्हतं, आन् टेप वाजत व्हता, मी बघितलं."

मी विचारलं, "मग बापूंसमोर बोलली का नाहीस?"

"तू बोललास का?" ती म्हणाली. "जेव."

मी वायरमन माणूस, अजून रोज मीटरवर विश्वास ठेवतो. पण त्या दिवशी मीटर शून्य दाखवत होता आणि टेप वाजत होता, एवढं खरं. याचं उत्तर माझ्याकडे नाही. आक्काकडे असावं, पण तिला विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.