हुकलेला नंबर

कंडक्टरांना एका जागी बसवत नाही. चौतीस वर्षं बसमध्ये उभं राहून नोकरी केली आणि डबासुद्धा डेपोच्या खिडकीशी उभ्यानेच खाल्ला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खुर्चीला त्यांची पाठ म्हणून टेकत नाही. स्वतःच्या लग्नात फोटोसाठी पाहुणे रेंगाळले, तेव्हा नवरदेवच खाली उतरून माणसं पुढे सरकवत होता, हे त्यांचा मेव्हणा अजून हसून सांगतो. अशा माणसाला त्या दिवशी सकाळी सातपासून मोठ्या हॉस्पिटलातल्या बाकावर बसायचं होतं.

त्यांच्या बायकोच्या मानेत गाठ आली होती. त्या गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला, त्याला पाच आठवडे झाले. रिपोर्ट आला होता, पण तो डॉक्टरांच्या टेबलावर. गाठ साधी की वाईट, हे डॉक्टरच सांगणार. आजच्या तारखेसाठी कंडक्टरांनी तीन हेलपाटे घातले होते. नंबर मिळाला एकेचाळीस, आणि दहा वाजता आत होता नववा.

कंडक्टर उठले, फेऱ्या मारल्या, हात धुवायचे नियम सांगणारा तक्ता चार वेळा वाचला. दारापाशी ही झुंबड. ज्याचा नंबर तीस तोही दाराला चिकटलेला, आणि शिपायाचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे पोचत नव्हता. शेवटी त्यांच्याच्याने राहवेना. त्यांनी एकेकाचा नंबर विचारून माणसं बाकांवर क्रमाने बसवली आणि पुढचे पाच तेवढे दाराशी उभे केले. शिपाई आधी गुरगुरला, मग निवांत पाणी प्यायला. रांग भराभर सरकायला लागली. कंडक्टरांना पाच आठवड्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

पस्तिसावा आत गेला, तेवढ्यात एका म्हाताऱ्याच्या कागदावर शिक्काच नाही, असं निघालं. त्याला जिना उतरवत नव्हता, म्हणून कंडक्टर त्याचा कागद घेऊन खालच्या खिडकीवर गेले. परत येतात तो आत सेहेचाळीसावा.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते शिपायाच्या अंगावर धावणार, तोच बायकोच्या मागच्या बाकावरची बाई मध्ये पडली. शिपायाने दोनदा पुकारलं होतं, ती म्हणाली, आणि मीही यांना सांगितलं, पण या उठल्याच नाहीत.

कंडक्टर बायकोकडे वळले. "ऐकू नाही आलं का तुला?"

"आलं."

"मग उठली का नाहीस?"

तिने मांडीवरची फाईल सारखी केली. "आत गेले की कळणार. इथे बसलेय तोवर मला काही झालेलं नाही."

कंडक्टरांना भीती वाटत होती, पण ती आपल्या एकट्याचीच आहे असं ते धरून चालले होते. ही तर घरी रोज पहिल्यासारखीच वावरत होती, त्यांच्या चकरांची थट्टासुद्धा करत होती.

हुकलेला नंबर सगळ्यांच्या शेवटी, असा तिथला नियम. पण शिपाई आता ओळखीचा झाला होता. तुम्हाला आत्ताच आत सोडतो, तो हळूच म्हणाला. कंडक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा अशी सवलत नाकारली.

"नको. शेवटीच घ्या आम्हाला."

ते बायकोशेजारी बसले. ती कुंडीतल्या झाडाबद्दल बोलली, गॅसवाला येऊन गेला असेल का म्हणाली. ते हो ला हो करत होते आणि त्यांचं सगळं लक्ष दाराकडे होतं. पन्नास झाले, पंचावन्न झाले. रांग आपणच कशाला पळती केली, असं त्यांना झालं. पुढची बाकं रिकामी झाली. मागच्या बाकावरची बाई आत गेली आणि हसत बाहेर आली. तिच्याकडे त्यांना बघवलं नाही.

दोनला पाच मिनिटं असताना शिपाई म्हणाला, "एकेचाळीस."

बायको उठली. कंडक्टर उठले नाहीत. तिने वाकून त्यांचा हात धरला.

"उठा," ती म्हणाली. "मला एकटीला नाही जमायचं ते."