वाघाच्या अंगरख्यातली टाकी

समुद्रात बुड्या मारणारे भले भले धटिंगण आक्कांच्या शेडमध्ये शिरले की एकदम शहाण्यासारखे वागतात. आक्का हवेच्या टाक्या तपासतात. वय सदुसष्ट, उंची टाकीहून थोडीच जास्त. हे मी तोंडावर म्हणतो आणि बोलणी खातो. पण आता त्यांनी चिठ्ठी दिल्याशिवाय क्लबात कुणाच्या टाकीत हवा भरत नाहीत.

त्यांची सून बुडीच्या सुटांच्या उरलेल्या कापडातून टाक्यांना अंगरखे शिवते. कुणाला कासव, कुणाला ऑक्टोपस. दिसायला असे झकास की टाकी पाठीला लावावी की मांडीवर घेऊन बसावं, असा प्रश्न पडावा. सासू टाक्या उघडून बघणार, सून झाकणार, म्हणजे भांडण ठरलेलंच, असं धरून आम्ही शेजारी दोन वर्षं कान लावून होतो. दोघींनी साफ निराशा केली.

मग एका दुपारी आक्कांचा मुलगा स्वतःची पोलादी टाकी घेऊन आला. तो बुडी शिकवतो. दुसऱ्या दिवशी आठ नवशिक्यांना घेऊन खाली जायचं होतं. टाकीवर पट्टेरी वाघ. लग्नाआधी सुनेने पहिल्यांदा शिवलेला, तोही टाकीवरच, खांद्यापासून बुडापर्यंत, ना चेन ना बटण. हा पठ्ठ्या तीन वर्षं तपासणी चुकवत होता. क्लबाने नियम कडक केला, तेव्हा कुठे आईची आठवण झाली.

"याचे कपडे काढ," आक्का म्हणाल्या.

"आई, फाडावा लागेल गं. वरूनच बघ ना. दर बुडीनंतर गोड्या पाण्याने धुतो मी."

"वाघाला धुतोस. टाकीला कोण धुतं? तपासणीची तारीख खांद्यावर ठोकलेली असते, तीही झाकलीस. ठोकून आवाज ऐकावा, तर हा गोधडी पांघरून बसलाय!"

"उद्या एक दिवस जाऊ दे. मग बघू."

"उद्या तुझ्या पाठीवर ही असणार. माझ्या नाही."

सून दारातच उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना (बघितलं, खोटं कशाला बोलू). ती आत आली, कात्री उचलली आणि वाघाच्या पोटातून सरळ कापत गेली. नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

खालचा रंग चकचकीत. मुलगा लगेच फुशारला, "बघ! नवीकोरी!"

आक्कांनी टाकी रिकामी केली, झडप काढली, आत दिवा सोडला. आत आरशासारखं स्वच्छ. मग त्यांनी अंगठा फिरवायला सुरुवात केली, वरून खाली, सावकाश, डोळे मिटून. बुडापासून वीतभर वर अंगठा थांबला. मी चष्मा लावून पाहिलं, मला काही म्हणजे काही दिसेना. आक्कांनी तिथे नख दाबलं. रंगाचा पापुद्रा उचलला आणि खालून तांबडी भुकटी गळायला लागली. भुकटी झाडली, तर शेजारी शेजारी खड्डेच खड्डे, टाकीला वेढा घातलेले. कापडाखाली खारं पाणी तीन वर्षं मुक्कामाला होतं आणि पोलाद खात बसलं होतं.

आक्कांनी सर्वात मोठ्या खड्ड्यात मापाची सुई घातली. "भिंत निम्मी गेली," एवढंच म्हणाल्या.

आत हवा कशी ठासून भरलेली असते आणि भिंत फुटली तर काय होतं, हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मुलगा पाठ भिंतीला लावून हळूच खाली बसला. त्या बुटक्या बाईचा अंगठा मला समुद्राहून खोल वाटला.

"आई, बाकीचे अंगरखेसुद्धा..." सुनेने कापलेला वाघ उचलला.

"काढायचे. आज, सगळे. तू शीव, अगदी हौसेने शीव. पण खांदा उघडा ठेव, बुडाला जाळी लाव, आणि एका झटक्यात निघेल असा कर. पाण्यातून वर आलं की अंगरखा वेगळा, टाकी वेगळी. दोन्ही धुवायचं, दोन्ही वाळवायचं. टाकी उघडीच ठेवायची."

संध्याकाळपर्यंत सासू-सुना घरोघर फिरून टाक्या सोलत होत्या. आक्कांनी वाघाची टाकी पुन्हा कुणी भरू नये म्हणून तिला आरपार भोक पाडलं. सकाळी मुलगा क्लबाची साधी, करडी टाकी पाठीला लावून आठ जणांना घेऊन पाण्यात उतरला. सून धक्क्यावर उभी राहून वर येणारे बुडबुडे मोजत होती, आणि नववं डोकं पाण्यावर येईपर्यंत आक्का तिच्या शेजारून हलल्या नाहीत.